डिटमार्शन : बांध, भावकी आणि शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक

गुरुवार : आल्टोनाहून मेलडॉर्फ

हाम्बुर्ग-आल्टोनाहून झ्युल्ट बेटाकडे जाणारी रेल्वे इत्सेहो सोडल्यानंतर हळूहळू चढू लागते आणि होखडोन येथे कील कालव्यावरच्या लोखंडी पुलावर पोहोचते. खालून समुद्रगामी जहाजे ये-जा करत असल्यामुळे हा पूल पाण्यापासून सुमारे ४२ मीटर उंच बांधलेला आहे. डोंगर नसलेल्या या प्रदेशाची ठेवण समजून घ्यायला याहून चांगली जागा सापडणे कठीण. एकीकडे गेस्ट, म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूगोट्यांचा किंचित उंच, झाडीचा पट्टा. दुसरीकडे मार्श, म्हणजे भरती-ओहोटीने साठवलेल्या गाळाची, क्षितिजापर्यंत सपाट आणि कमालीची सुपीक जमीन. दक्षिणेला एल्ब नदी, उत्तरेला आयडर नदी आणि पश्चिमेला उत्तर समुद्र अशा चौकटीत बसलेला उत्तर जर्मनीतला हा मुलूख म्हणजे डिटमार्शन. पूर्वेकडे पूर्वी दलदल आणि दाट जंगल होते, त्यामुळे पाय कोरडे ठेवून आत शिरण्याच्या वाटा मोजक्याच होत्या आणि त्या कुठे अडवायच्या हे इथल्या लोकांना नेमके ठाऊक होते.

तेराव्या शतकापासून १५५९ पर्यंत या मुलखावर ब्रेमेनच्या आर्चबिशपची सत्ता नावापुरती होती. प्रत्यक्ष कारभार इथल्या शेतकऱ्यांच्या हाती होता. शेजारच्या होल्श्टाइनमध्ये सरदारांचे वर्चस्व वाढत असताना या कोपऱ्यात ही व्यवस्था तीन शतके कशी टिकली, हे जागेवर जाऊन पाहावे म्हणून हा प्रवास आखला होता. लढायांच्या वर्णनांत या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळत नाही. ते शोधायचे तर समुद्राचे पाणी अडवणाऱ्या बांधांपासून सुरुवात करावी लागते, अशी माझी समजूत निघण्यापूर्वीच झाली होती आणि इथे फिरताना ती पक्की होत गेली.

मेलडॉर्फला उतरल्यावर आधी लाल विटांचे भव्य चर्च गाठले. सगळे जण त्याला 'डोम' म्हणतात, जरी इथे बिशपचे पीठ कधीच नव्हते. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सन टोळ्यांचा पाडाव केल्यानंतर, ८१० ते ८२६ या काळात, इथे पहिले चर्च उभे राहिले आणि पुढे दीर्घ काळ सगळ्या डिटमार्शनचे ते एकमेव चर्च होते. जन्म, मृत्यू, तंटे, सभा, सगळ्यांसाठी माणसे इथेच जमत. मुलखाला एकत्र बांधणारे पहिले ठिकाण ते हेच. सध्याची इमारत तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. आत गेल्यावर मान वर करून उभे राहिले, की घुमटाकार छतावर संतांच्या कथा रंगवलेल्या दिसतात. दगड दुर्मीळ असलेल्या या भागात भट्टीत भाजलेल्या विटांमधून एवढी उंची साधणाऱ्यांकडे पैसा होता, आणि तो मार्शच्या धान्यातून व गुराढोरांतून आलेला होता.

त्या काळचे राजकारण थोडक्यात सांगायचे, तर बाहेरून आलेला प्रत्येक धनी इथे उपराच ठरला. श्टाडेच्या काउंटांचा या भूमीवर हक्क होता. त्यांतल्या रुडोल्फ नावाच्या काउंटला डिटमार्शनच्या लोकांनी ११४४ मध्ये ठार केले. पुढे डेन्मार्कचा राजा वाल्डेमार दुसरा याचा अंमल आला. २२ जुलै १२२७ रोजी बोर्नहोवेडच्या लढाईत त्याच्या सैन्यात असलेल्या डिटमार्शनच्या तुकडीने ऐन वेळी बाजू बदलली, राजाचा पराभव झाला, आणि त्यानंतर हा मुलूख ब्रेमेनच्या आर्चबिशपकडे गेला. एल्बच्या पलीकडे बसलेला, हात लांब न पोहोचणारा धनी या लोकांनी स्वतःच्या सोयीने पत्करला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

मराठी वाचकाने मेलडॉर्फमध्ये थांबावे असे आणखी एक कारण आहे. कार्स्टेन निबूर हा मोजणीदार आणि प्रवासी १७७८ पासून १८१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच गावात सरकारी लेखनाधिकारी होता. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानाकडे पाठवलेल्या मोहिमेतला तो एकटाच जिवंत परतला. त्याचे दोन सहकारी येमेनमध्ये वारले, चित्रकार बाउरनफाइंट मुंबईच्या वाटेवर समुद्रातच वारला आणि डॉक्टर क्रामर १७६४ मध्ये मुंबईत वारला. निबूर मात्र त्या मुक्कामात घारापुरीला गेला, लेण्यांचे मोजमाप घेऊन त्याने नकाशा केला आणि चित्रकार उरला नसल्यामुळे मूर्तींची चित्रेही स्वतःच काढली. ती चित्रे त्याच्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात १७७८ मध्ये, म्हणजे तो मेलडॉर्फला आला त्याच वर्षी, छापली गेली. त्याचा मुलगा बार्टहोल्ड गेओर्ग निबूर, जो पुढे प्राचीन रोमचा इतिहासकार म्हणून गाजला, याच गावात वाढला. रोमच्या शेतजमिनींच्या कायद्यांवर त्याने एवढे बारकाईने लिहिले, त्याची पाळेमुळे या शेतकऱ्यांच्या गावातल्या बालपणात असावीत असे मला मनापासून वाटते.

शुक्रवार : व्योर्डन आणि वेसेलबूरन

भाड्याची सायकल घेऊन मार्शमध्ये उतरलो. समोरून येणारा वारा सोडला तर सायकलला अडथळा कसलाच नाही. सप्टेंबर असल्यामुळे दोन्ही बाजूंना कोबीची शेते पसरलेली होती. इथे शेतातून कोबी घेण्याची सुरुवात १८८९ मध्ये वेसेलबूरनच्या एका माळ्याने केली आणि आज हा युरोपातला सर्वांत मोठा सलग कोबीचा प्रदेश मानला जातो.

या सपाटीत लांबूनच एखादे गाव उंचावर बसल्यासारखे दिसते. ती उंची नैसर्गिक नव्हे. त्या टेकाडाला वुर्ट म्हणतात आणि ते माणसांनी शेण, चिकणमाती आणि कचरा यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या रचत उभारलेले असते. इथल्या मार्शमध्ये पहिली वस्ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात झाली. मोठ्या स्थलांतरांच्या काळात ती उठली आणि सातव्या-आठव्या शतकांत माणसे पुन्हा परतली. तोवर बांध नव्हते. मोठी भरती आली की शिवार पाण्याखाली जाई आणि घरे, गोठे, माणसे टेकाडावर राहत. वेसेलबूरनमध्ये ही रचना आजही पायांना जाणवते. मध्यभागी चर्च, त्याभोवती गोल फिरणारे रस्ते आणि बाहेर पडणारी प्रत्येक गल्ली उताराची. मी चर्चला प्रदक्षिणा घातल्यासारखा त्या गोल रस्त्यावरून चालत गेलो. डावीकडची घरे वरच्या पातळीवर, उजवीकडच्या गल्ल्या खाली उतरणाऱ्या, आणि शेवटच्या घरानंतर एकदम सपाट शेत. १७३६ च्या आगीनंतर बांधलेल्या या चर्चला कांद्याच्या आकाराचा घुमट आहे, जो या किनाऱ्यावर अगदी अनोळखी वाटतो. नाटककार फ्रीडरिश हेबेल १८१३ मध्ये याच गावात एका गरीब गवंड्याच्या घरी जन्मला.

अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास चित्र बदलले. एकेकट्या टेकाडावर जीव वाचवत राहण्याऐवजी लोकांनी सलग बांध घालून सगळे शिवारच समुद्रापासून तोडले. गोव्यातली खाजणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे तंत्र वेगळे समजावून सांगायला नको: बाहेर मातीचा बांध, आत निचऱ्याचे चर आणि बांधात मानशीसारखे दार, जे ओहोटीला उघडून आतले पाणी सोडते आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. पण बांधाचा एक स्वभाव आहे. तो एका जागी फुटला की सगळ्यांचेच बुडते. त्यामुळे ज्याच्या वाट्याला बांधाचा जो तुकडा आला, तो त्याने राखलाच पाहिजे, ही अट सर्वांवर सारखी होती. 'डे निश विल डीकन, डे मुट वीकन', म्हणजे जो बांध घालणार नाही त्याने चालते व्हावे, ही म्हण या सगळ्या किनाऱ्यावर आहे. ज्याला आपला वाटा झेपत नसे, तो बांधात फावडे रोवून निघून जाई. जो ते फावडे उपसून काढी, त्याच्याकडे ती जमीन आणि तिच्याबरोबरचे बांधाचे ओझेही जाई.

हे ओझे एकट्या कुटुंबाला पेलणारे नव्हते, म्हणून ते भावकीने उचलले. डिटमार्शनमध्ये भावकी म्हणजे केवळ रक्ताचे नातेवाईक नव्हेत. करार करून बाहेरची घराणीही तिच्यात सामील होत. भावकी बांध घाली, नव्या जमिनीची वाटणी करी, कोर्टात आपल्या माणसासाठी शपथ घेई आणि खून झाला तर सूडही घेई. सरदार जे संरक्षण देऊन शेतकऱ्याला बांधून ठेवतो, ते संरक्षण इथे भावकीच देत होती. सरदाराची गरज ज्यामुळे उरली नाही ती गोष्ट मला तरी हीच वाटते.

परतताना व्योर्डनला थांबलो. एके काळी हे बंदर होते. आज समुद्र इथून दिसतसुद्धा नाही. १३१९ मध्ये होल्श्टाइनचा काउंट गेरहार्ड तिसरा याने चाल केली तेव्हा शेतकरी इथल्या चर्चमध्ये कोंडले गेले. शत्रूने छताला आग लावली, आणि शिसे वितळून अंगावर पडू लागल्यावर आतल्यांनी जिवावर उदार होऊन बाहेर मुसंडी मारली व लढाई जिंकली, अशी हकीकत सांगतात.

शनिवार : हायडे आणि लुंडन

हायडेचा बाजारचौक ४.७ हेक्टरांचा आहे आणि तो जर्मनीतला सर्वांत मोठा मोकळा बाजारचौक म्हणून ओळखला जातो. शनिवारी सकाळी त्याच्या एका भागात आठवडी बाजार भरतो: बटाटे, मध, धुरावलेली मासळी, समुद्री कोळंबी आणि अर्थातच कोबी. भाजीवाल्या बाईंना विचारले, की एवढ्या छोट्या शहराला एवढा प्रचंड चौक कशासाठी, तेव्हा त्या म्हणाल्या, "शहर नंतर आले हो. आधी हे मैदानच होते, सगळ्या मुलखाचे." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. पंधराव्या शतकात मेलडॉर्फवर नाराज असलेल्या उत्तरेकडच्या लोकांनी गेस्टच्या या माळावर सभा भरवायला सुरुवात केली, आणि सभेभोवती गाव वसले.

१४४७ मध्ये मुलखाचा कायदा लेखी झाला आणि ४८ जणांचे मंडळ सर्वोच्च न्यायासन म्हणून नेमले गेले. सभासद तहहयात होते आणि ते बहुतेक मार्शमधल्या बड्या भावक्यांतून येत. न्यायनिवाड्याबरोबर परराज्यांशी बोलणीही हळूहळू या मंडळाकडे गेली. ल्यूबेकसारख्या व्यापारी शहराने डिटमार्शनशी बरोबरीच्या नात्याने तह केला. याला प्रजासत्ताक म्हणण्याची पद्धत आहे आणि ती मला मान्य आहे, पण त्यात भूमिहीन मजुराला, गड्याला किंवा स्त्रीला आवाज नव्हता, हे त्याच दमात सांगायला हवे.

चौकाच्या कडेला असलेल्या सेंट युर्गेन चर्चपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण या स्वातंत्र्याची दुसरी बाजू याच गावात घडली. हाइनरिश फॉन झ्यूटफेन हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा अनुयायी १५२४ च्या हिवाळ्यात मेलडॉर्फच्या धर्मोपदेशकाच्या निमंत्रणावरून प्रवचनांसाठी आला. जुन्या कॅथलिक मताच्या डॉमिनिकन साधूंनी ४८ पैकी काही जणांना भरीस घातले, दारू पाजलेला जमाव रात्री मेलडॉर्फला धाडला गेला, आणि त्या माणसाला थंडीत अनवाणी हायडेपर्यंत फरफटत आणून १० डिसेंबरला जाळण्यात आले. दुसऱ्या वर्षी ल्यूथरने स्वतः त्याच्या मृत्यूची हकीकत लिहून छापली. राजा नसलेल्या मुलखात राजाचा जुलूम नसतो, पण झुंडीला आवर घालणारेही कोणी नसते. विशेष म्हणजे दहा वर्षांच्या आत याच ४८ जणांनी ल्यूथरचा पंथ सगळ्या मुलखात लागू केला.

दुपारी रेल्वेने उत्तरेला लुंडनला गेलो. तिथल्या चर्चभोवती भावक्यांची दफनभूमी आहे. प्रत्येक भावकीचे जमिनीखाली विटांचे तळघर, त्यावर जाड दगडी शिळा आणि शिळेवर भावकीचे चिन्ह. एका शिळेवरचे शेवाळ बाजूला करून मी अक्षरे लावण्याचा प्रयत्न केला. अक्षरे झिजली होती, पण ढालीवरचे चिन्ह बोटांना स्पष्ट लागत होते. मेल्यावरही माणूस भावकीतच राही, हे इथे डोळ्यांना दिसते. पेटर स्विन हा ४८ पैकी एक मातब्बर पुढारी या लुंडनचाच. कोर्टात सत्य काहीही असले तरी भावकीने आपल्या माणसासाठी शपथ घ्यायची, ही चाल बंद व्हावी असा त्याने आग्रह धरला, आणि १५३७ मध्ये त्याचा खून झाला. त्या चालीवर त्यानंतर बंदी आली. ज्या भावकीने हा मुलूख उभा केला, तिचेच दात काढल्याशिवाय न्याय शक्य नाही, हे ओळखणारा माणूस त्याच भावक्यांमधून निघाला होता, आणि म्हणून स्विनचे नाव १५०० च्या लढाईत शेतकऱ्यांचे नेतृत्व करणाऱ्या इझेब्रांटइतकेच लोकांच्या ओठांवर असायला हवे होते.

रविवार : हेमिंगश्टेट

वुल्फ इझेब्रांटचे नाव मात्र इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मेलडॉर्फ आणि हायडे यांच्या मधल्या शेतांत डूझेंडड्यूवेल्सवार्फ नावाच्या उंचवट्यावर, लढाईला ४०० वर्षे झाली म्हणून १९०० मध्ये प्रचंड धोंड्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर स्थानिक बोलीत कोरले आहे: 'वार डी, गार, डे बूर डे कुम्ट', म्हणजे गार्डांनो सांभाळा, शेतकरी येतो आहे.

डेन्मार्कचा राजा हान्स आणि त्याचा भाऊ ड्यूक फ्रीडरिश यांनी १५०० च्या फेब्रुवारीत सुमारे १२,००० माणसांचे सैन्य आणले. त्यात थॉमस स्लेन्त्सच्या हाताखाली काळे गार्ड म्हणून ओळखले जाणारे सुमारे ४,००० भाडोत्री सैनिक होते. मेलडॉर्फ सहज पडले. १७ फेब्रुवारीला सैन्य हायडेकडे निघाले, तेव्हा बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता, दोन्ही बाजूंना पाण्याने तुडुंब चर होते आणि वारा-पाऊस सैनिकांच्या तोंडावर येत होता. शेतकऱ्यांनी रातोरात वाटेवर मातीची तटबंदी उभारून तोफा लावल्या होत्या. त्यांनी बांधाची दारे उघडून समुद्राचे पाणी शिवारात घेतले. घोडदळाला पसरायला जागा उरली नाही आणि लांबलचक सैन्य एकाच अरुंद रस्त्यावर अडकले. शेतकरी मात्र लांब काठ्या टेकून चरांवरून उड्या मारत दोन्ही अंगांनी तुटून पडले. स्लेन्त्स मारला गेला, होल्श्टाइनच्या सरदार घराण्यांची कर्ती माणसे त्या चिखलात गेली, आणि राजाचा ध्वज शेतकऱ्यांच्या हाती लागला. तो व्योर्डनच्या चर्चमध्ये टांगला होता असे बखरकार सांगतात.

स्मारकापासून आजूबाजूचे चर अजून दिसतात. त्यातल्या एकाच्या काठी उभे राहिल्यावर ही लढाई कशाने जिंकली गेली हे उमगते. प्रत्येक शेतकऱ्याला प्रत्येक चराची रुंदी पाठ होती, कारण तो त्यानेच खणलेला होता आणि दर वर्षी त्यानेच उपसलेला होता.

पुढचा शेवट मोठा असला तरी गुंतागुंतीचा नाही. १५५९ मध्ये राजा फ्रीडरिक दुसरा आणि होल्श्टाइनचे दोन ड्यूक यांनी योहान रांटसाऊ या अनुभवी सेनापतीला पाठवले. त्याने हिवाळा टाळला, जूनचा कोरडा महिना निवडला आणि वेगवेगळ्या बाजूंनी आत शिरून एकाच रस्त्यावर अडकण्याचा धोका संपवला. मेलडॉर्फ पडले, हायडे जळाले आणि २० जूनला मुलूख शरण आला. जिंकलेल्यांनी मात्र शहाणपण दाखवले. त्यांनी शेतसारा बसवला, पण जमिनी मालकांकडेच ठेवल्या, सरदार आणून बसवले नाहीत आणि स्थानिक कारभारही बराचसा चालू दिला. बांध राखू शकणारी माणसे हाकलली असती, तर सारा देणारी जमीनच समुद्रात गेली असती. १५८१ मध्ये मुलखाची उत्तर-दक्षिण अशी वाटणी झाली आणि ते दोन भाग, आधी डेन्मार्कचा राजा आणि होल्श्टाइनचे ड्यूक यांच्या आणि १८६७ पासून प्रशियाच्या अमलाखाली, १९७० मध्ये एकत्र होईपर्यंत वेगळेच राहिले.

सोमवार : समुद्रातून काढलेली जमीन

शेवटचा दिवस दक्षिणेकडच्या कोगांसाठी राखून ठेवला होता. कोग म्हणजे बांध घालून समुद्राकडून घेतलेले शिवार. किनाऱ्यावर काटक्यांच्या रांगा रोवून गाळ अडवायचा, त्यावर खाऱ्या पाण्यात जगणारी वनस्पती धरू द्यायची, जमीन पुरेशी वर आली की नवा बांध घालायचा. एका पिढीचे हे काम नव्हे. क्रोनप्रिन्सेनकोग १७८७ मध्ये झाला, फ्रीडरिशकोग १८५४ मध्ये, कैसर-विल्हेल्म-कोग १८७४ मध्ये. नावे वाचत गेले की त्या त्या वेळी सत्ता कोणाची होती हे समजत जाते: डेन्मार्कचा युवराज, डेन्मार्कचा राजा, मग जर्मन सम्राट.

त्यांच्या नंतरच्या काळातला एक कोग आज डीकझांडरकोग म्हणून ओळखला जातो. २९ ऑगस्ट १९३५ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा हिटलर स्वतः हजर होता आणि कोगला त्याचेच नाव दिले होते. डिटमार्शनमध्ये या विषाची सुरुवात लवकर झाली. १९२८ च्या निवडणुकीत देशभर नाझींना २.६ टक्के मते मिळाली असताना इथल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी त्यांना अनेक पटींनी जास्त मते दिली. मार्च १९२९ मध्ये व्योर्डनच्या रस्त्यावर नाझी आणि कम्युनिस्ट यांच्या मारामारीत तीन माणसे मेली, आणि आपल्या मृतांच्या अंत्यविधीला हिटलर या आडगावांत आला. १५०० च्या विजयाची अभिमानाने जपलेली आठवण, 'मातीशी जोडलेला स्वतंत्र शेतकरी' हे चित्र, नाझींनी जसेच्या तसे उचलले. नव्या कोगात जमीन कोणाला द्यायची हे मात्र पक्षाने वंश आणि निष्ठा तपासून ठरवले. या मुलखाच्या इतिहासाची याहून मोठी विटंबना मला दिसत नाही. जुन्या व्यवस्थेत जमिनीचा हक्क बांध राखण्याशी जोडलेला होता. इथे तो एका माणसाच्या जयजयकाराशी जोडला गेला.

कोगाच्या मध्यावर १९३६ मध्ये बांधलेली नॉयलांडहाले ही इमारत अजून उभी आहे. चर्चऐवजी ती बांधली होती. आता तिच्या आवारात उघड्यावर प्रदर्शन मांडलेले आहे, आणि त्यात हा कोग कसा विकसित केला आणि कशासाठी वापरला हे कोणतीही सारवासारव न करता सांगितले आहे. मी तिथे असताना शाळेची एक तुकडी आली होती. शिक्षिका मुलांना फलकांसमोर उभे करून स्वतः न बोलता त्यांनाच वाचायला सांगत होत्या.

१९४५ नंतर नाव बदलले आणि माणसेही बदलली. पूर्व प्रशिया आणि पोमेरानियातून विस्थापित झालेल्या लोकांमुळे श्लेस्विग-होल्श्टाइनची लोकसंख्या काही वर्षांत १६ लाखांवरून सुमारे २७ लाखांवर गेली. मार्शमधल्या मोठ्या वाड्यांच्या खोल्याखोल्यांत अनोळखी कुटुंबे राहू लागली, आणि भावकीच्या जुन्या चौकटीतून जे काही उरले होते तेही त्यात विरघळले.

संध्याकाळी बांधावर चढलो. फेब्रुवारी १९६२ च्या पुरानंतर समुद्राकडचे बांध उंच करण्यात आले आणि पुढे त्यांची जबाबदारी राज्य सरकारने घेतली. आतल्या निचऱ्याचे काम मात्र आजही जमीनमालकांच्या जलसंघांकडे आहे, आणि ज्याची जितकी जमीन तितकी त्याची वर्गणी हा हिशेबही तोच आहे. मार्श दर वर्षी थोडी खचते आहे आणि समुद्र चढतो आहे. ओहोटीला दार उघडून पाणी आपसूक बाहेर जाण्याचा अवधी कमी कमी होत चालल्यामुळे पंप वाढवावे लागत आहेत, आणि त्या विजेचे बिल फक्त मार्शच्या शेतकऱ्यांनी भरायचे की ज्यांचे पावसाचे पाणी उतरून खाली येते त्या गेस्टवरच्या गावांनीही भरायचे, हा प्रश्न इथे अजून निकाली निघालेला नाही.